ऑइल ऑफ व्हिट्रिऑल, कॉपरस, किल्ड स्पिरिट्स: आजोबांच्या वहीतली जुनी नावं ओळखायची कशी

तुमचा प्रश्न दोनदा नीट वाचला. आजोबांची १९२० च्या आसपासची इंग्रजीत लिहिलेली वही सापडलीय, त्यात शाई, पॉलिश, मलम, भांड्यांचं झाळकाम अशा सगळ्याच्या कृती आहेत, आणि शब्द असे की शोधायला जावं तर एकेकाचे चार अर्थ निघतात. तुम्हाला हवीय या शब्दांची एक पक्की यादी, आणि शिवाय यातलं काही घरी करून बघता येईल का हेही विचारलंय.

यादी देणं अवघड नाही, पण तिने तुमचं काम होणार नाही असं मला वाटतं. मी ३० वर्षं कॉलेजात केमिस्ट्री शिकवली आणि रिटायर झाल्यापासून लोकांच्या घरातल्या अशाच वह्या वाचून देतो, त्यातून एक गोष्ट पक्की कळलीय ती सांगतो. जुनं नाव त्या वस्तूत काय आहे ते सांगतच नाही. ती दिसते कशी, मिळते कुठून, काढतात कशी, एवढंच सांगतं. त्यामुळे 'या शब्दाचा अर्थ काय' यापेक्षा 'या कृतीत हा माणूस बाजारातून नेमकं काय आणत होता' हा तुमचा खरा प्रश्न आहे. आणि त्याचं उत्तर वही कोणत्या सालातली, कुठल्या धंद्यातली आणि शब्दाच्या आजूबाजूला काय लिहिलंय यावर ठरतं. मी वही बघितलेली नाही, तेव्हा खाली जे लिहितोय ते तुमच्या पानांशी ताडून बघा.

व्हिट्रिऑलपासून सुरू करू कारण तुमच्या यादीत तो सगळ्यात जास्त वेळा आलाय. लॅटिनमध्ये व्हिट्रम म्हणजे काच. काचेसारखे चकचकीत खडे दिसले की लोक त्याला व्हिट्रिऑल म्हणायचे, आत कुठला धातू आहे याच्याशी देणंघेणं नाही. निळा खडा तो ब्लू व्हिट्रिऑल, म्हणजे आपलं मोरचूद. हिरवा तो ग्रीन व्हिट्रिऑल, म्हणजे हिराकस, त्यात लोखंड. पांढरा तो व्हाइट व्हिट्रिऑल, त्यात जस्त. आता हा हिरवा खडा भट्टीत जोरात तापवला की धूर निघतो, तो थंड करून धरला की जड, दाट, तेलासारखं ओघळणारं द्रव मिळतं, म्हणून ते 'ऑइल' ऑफ व्हिट्रिऑल. तेलाचा त्यात अंशही नाही, ते कॉन्सन्ट्रेटेड सल्फ्युरिक ॲसिड आहे, पाण्याच्या जवळजवळ पावणेदोन-दोन पट जड. भट्टीत मागे जी लाल पूड उरते तिला कोलकोथार म्हणत, ती पॉलिशला वापरायचे, तुमच्या वहीत पॉलिशच्या पानावर हा शब्द असायची दाट शक्यता आहे. एक व्यवहाराची गोष्ट लगेच सांगून टाकतो, कृतीत 'एक भाग ऑइल ऑफ व्हिट्रिऑल' लिहिलं असेल आणि कोणी दुकानातून बॅटरीचं ॲसिड आणलं तर प्रमाण पार चुकतं, कारण बॅटरीचं ॲसिड साधारण ३५ टक्क्यांचं असतं, बाकी पाणी.

आता कॉपरस. हा शब्द मी स्वतः चुकलोय म्हणून जरा सविस्तर लिहितो. सुरुवातीच्या काळात एका ओळखीच्या बाईंनी त्यांच्या घरच्या वहीतली शाईची कृती दाखवली, त्यात गॉल्स, कॉपरस आणि बाभळीचा डिंक होता. कॉपरस म्हणजे कॉपरचं काहीतरी असं धरून मी त्यांना सरळ मोरचूद सांगितलं. त्यांनी बिचाऱ्यांनी दोन दिवस खपून केलं आणि बाटलीत तपकिरी-हिरवट गढूळ पाणी तयार झालं, कागदावर काळं काही उमटेना. मग जुने व्यापारी कॅटलॉग काढून बसलो तेव्हा कळलं की नाव जरी तांब्यावरून पडलं असलं तरी इंग्रजी व्यापारात नुसतं कॉपरस म्हटलं की हिराकसच, त्यात तांबं नाहीच. ब्लू कॉपरस लिहिलं असेल तरच मोरचूद. मी परत गेलो, त्यांच्या ओट्यावरच हिरड्याचा काढा केला, गाळला, त्यात हिराकस टाकलं, डिंक घातला. टाकाने ओढलेली रेघ आधी फिकट राखाडी दिसली, आम्ही चहा घेईपर्यंत ती गडद झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी फोन केला की शाई पार काळी पडलीय. हवा लागून लोखंडाचं आणि तुरट द्रव्याचं मिश्रण काळं होत जातं, तेच त्या शाईचं सगळं मर्म. आपल्याकडेही हिरडा आणि हिराकस घालून काळी शाई करायचेच की, म्हणजे उत्तर आपल्या घरातच होतं, मी इंग्रजी शब्दाच्या आवाजाला भुललो.

त्याच कृतीतला गॉल हा शब्दही फसवा आहे. इंग्रजीत दोन वेगळे शब्द योगायोगाने सारखे झालेत. एक जुना इंग्रजी, त्याचा अर्थ पित्त. दुसरा लॅटिनमधून आलेला, ओकच्या झाडावर किड्यामुळे येणारी गाठ. ऑक्स-गॉल लिहिलं असेल तर बैलाचं पित्त, ते रंगकामात वापरायचे. नट-गॉल किंवा अलेप्पो गॉल लिहिलं असेल तर मायफळ, जे आपल्या बाळगुटीत उगाळतात. शाईच्या पानावर गॉल दिसलं की मायफळ समजा.

तुम्ही क्विकलाइम आणि क्विकसिल्व्हरमधल्या 'क्विक'बद्दल वेगळं विचारलंय, 'लवकर तयार होणारा चुना का' असं. नाही. जुन्या इंग्रजीत क्विक म्हणजे जिवंत. चपळ, झटपट हा अर्थ नंतर आला. नखाखालच्या दुखऱ्या भागाला इंग्रजीत अजून क्विक म्हणतात, कारण नख मेलेलं आणि खालचं मांस जिवंत. पारा फरशीवर सांडला की कसा पळतो ते ज्याने बघितलंय त्याला 'जिवंत चांदी' हे नाव समजावून सांगावं लागत नाही. आणि क्विकलाइम म्हणजे आपला कळीचा चुना. त्यावर पाणी ओता, तडतडतो, फुगतो, वाफा सोडतो, भांडं हात लावू देत नाही इतकं तापतं, जिवंत नाही तर काय म्हणणार. पाणी पिऊन शांत झाला की तो स्लेक्ड लाइम, आपल्या शाळेच्या पुस्तकातला विरी गेलेला चुना. स्लेक हे क्रियापद इंग्रजीत तहान भागवण्यासाठीही आहे. म्हणजे चुना जिवंत आहे, त्याला तहान लागलीय, ती भागवली. हे मला फार आवडतं, कारण आपल्या रसशास्त्रातही हीच भाषा आहे, धातू 'मारायचा' आणि त्याचं भस्म करायचं. या दोन्हीकडच्या माणसांना पदार्थात जीव दिसत होता. वहीत कॅल्क्स असा शब्द दिसला तर तो मुळात चुन्याचा लॅटिन शब्द, पण पुढे धातू भाजून जी पूड उरते तिलाही तेच म्हणायला लागले, कॅल्क्स ऑफ झिंक म्हणजे झिंक ऑक्साइड. मराठीत सांगायचं तर भस्म, अगदी चपखल.

जुन्या इंग्रजीतलेच आणखी दोन पटकन सांगतो. ब्रिमस्टोन म्हणजे जळणारा दगड, आपलं गंधक. हार्ट्सहॉर्नमधल्या हार्टचा हृदयाशी संबंध नाही, हार्ट म्हणजे नर हरीण, त्याची शिंगं बंद भांड्यात भाजून जो उग्र वासाचा अर्क मिळायचा तो स्पिरिट ऑफ हार्ट्सहॉर्न, म्हणजे अमोनियाचं पाणी. घेरी आली की नाकाशी धरायचे ते याच घराण्यातलं.

अमोनियाचीच दुसरी वाट साल अमोनियॅकची. साल म्हणजे मीठ, आणि अमोनियॅक हे इजिप्तच्या आमोन देवावरून, त्याच्या लिबियाच्या वाळवंटातल्या देवळाच्या आसपासचं मीठ म्हणून. यावरूनच बर्गमन या स्वीडिश रसायनज्ञाने १७८२ मध्ये अमोनिया हे नाव काढलं. आपल्याकडे तो नवसागर, त्यात नऊही नाहीत आणि सागरही नाही, फारसीतल्या नौशादरचं ते मराठी रूप आहे. लहानपणी दारात कल्हईवाला बसायचा तेव्हा आम्ही सगळी पोरं गोळा व्हायचो. भाता मारून पातेलं तापवायचा, चिमटीने पांढरी पूड टाकायचा, भस्सकन पांढरा धूर यायचा आणि त्याचा वास थेट डोक्यात जायचा, मग कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने गरागरा फिरवायचा की आतून आरसा. ती पूड नवसागर. गरम धातूवरची काळपट पुटं तो काढून टाकतो म्हणून कथील चिकटतं. वहीत भांड्यांच्या पानावर साल अमोनियॅक असेल तर तो याच कामासाठी.

म्युरिएट आणि म्युरिएटिक हे शब्द जुने वाटतात पण तुमच्या गावाकडे खताच्या पोत्यावर आजही छापलेत, म्युरेट ऑफ पोटॅश. लॅटिनमध्ये म्युरिया म्हणजे खारवलेलं पाणी, खारं पाणी. मिठापासून निघालेलं ते म्युरिएटिक ॲसिड, आजचं हायड्रोक्लोरिक. क्लोरीन हे मूलद्रव्य आहे हे हम्फ्री डेव्हीने १८१० मध्ये ठामपणे मांडलं आणि हिरवट-पिवळा या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याचं नाव ठेवलं. तेव्हापासून पुस्तकात क्लोराइड आलं, पण बाजारात म्युरिएट राहिलं ते राहिलंच. पोटॅश हा शब्द तर अगदी साधा, पॉट म्हणजे भांडं, ॲश म्हणजे राख. लाकडाची राख पाण्यात भिजवून ते पाणी लोखंडी भांड्यात आटवायचं, तळाशी उरेल ते पोटॅश. त्याच डेव्हीने १८०७ मध्ये त्यातून नवा धातू काढला आणि त्याला पोटॅशियम म्हटलं, म्हणजे एका मूलद्रव्याच्या नावात चुलीवरचं भांडं कायमचं बसलंय.

काही शब्द तर आपल्याकडून गेलेत, आणि ते परत इंग्रजी वहीत भेटले की मला खरंच आनंद होतो. टिंकल असा शब्द दिसला तर ते कच्चं बोरॅक्स. मूळ संस्कृत टंकण, तेच आपल्या टाकणखारात आहे. सोन्याच्या कामात डाग देताना सोनार जो वापरतो आणि तोंड आलं की आपण ज्याची लाही करून लावायचो तोच. टटी हा शब्द मलमांच्या कृतीत येतो, भट्टीत जमणारं जस्ताचं कच्चं ऑक्साइड, तो अरबी तूतियावरून आलाय आणि त्याच्या मागे बहुतेक कोशकार संस्कृत तुत्थ धरतात. पण संस्कृतात तुत्थ म्हणजे मोरचूद, हिंदीत तूतियाही मोरचूदच. बघा, एकच शब्द, इकडे तांबं आणि तिकडे जस्त, म्हणूनच म्हणतो की नुसतं मूळ शोधून वस्तू ओळखता येत नाही. ॲनिलीनचंही असंच, संस्कृत नील, अरबीत अन-नील, पोर्तुगीजांनी त्याचं अनिल केलं, आणि १८४० च्या सुमारास फ्रित्शे याने निळीपासून जो तेलकट पदार्थ काढला त्याला ॲनिलीन नाव दिलं. कृत्रिम रंगांचा सगळा धंदा पुढे याच पदार्थावर उभा राहिला.

आता घरी करून बघण्याबद्दल. इथे मला थोडं कडक बोलावं लागेल. शुगर ऑफ लेड ही साखर नाही, ते लेड ॲसिटेट आहे, चवीला खरंच गोड आणि पक्कं विष. लेड, लिथार्ज, मिनियम, सॅटर्न यातला कुठलाही शब्द असलेली कृती करू नका. लिथार्ज म्हणजे आपलं मुरदाडशिंग, ग्रीक शब्दाचा अर्थ 'चांदीचा दगड', कारण शिशातून चांदी वेगळी करताना ते मिळतं. आणि आपल्या शब्दातलं शिंग हे शिंग नसून फारसी संग, म्हणजे दगडच. मिनियम म्हणजे शेंदूर. त्या शेंदरी रंगाने पोथ्यांमधली अक्षरं आणि चित्रं काढायचे त्यावरून मिनिएचर शब्द झाला, लहानपणाशी त्याचा मुळात संबंध नव्हता, तो अर्थ आवाजाच्या सारखेपणामुळे नंतर चिकटला, आपण मात्र त्याचं लघुचित्र करून मोकळे झालो. सॅटर्न म्हणजे शनी, आणि जुन्या किमयागारांच्या हिशोबात शनी म्हणजे शिसं. तसंच चंद्र म्हणजे चांदी, म्हणून तुमच्या यादीतलं लूनर कॉस्टिक म्हणजे सिल्व्हर नायट्रेट, चामखीळ जाळायला वापरायचे. मंगळ लोखंड, शुक्र तांबं.

सगळ्यात जास्त काळजी पाऱ्याच्या दोन क्षारांची घ्या. कॅलोमेल हे तुलनेने सौम्य, पूर्वी जुलाबाला सर्रास द्यायचे. कोरोसिव्ह सब्लिमेट हे जबरदस्त विष. दोन्ही पांढरे, दोन्ही पारा आणि क्लोरीनचे, आणि आपल्या रसकापूर या नावाखाली दोन्ही किंवा त्यांचं मिश्रणही विकलं गेलेलं आहे. गंमत म्हणजे कॅलोमेलचं ग्रीक मूळ 'सुंदर काळा' असं आहे आणि पदार्थ पांढरा, अमोनिया लागला की मात्र काळा पडतो. अशा ठिकाणी मी वहीचा मराठी अर्थ लिहून देताना नुसतं रसकापूर कधीच लिहीत नाही, कुठला क्षार ते लिहितो, आणि खात्री नसेल तर जागा कोरी सोडतो. औषधाच्या पानांवरचं काहीही पोटात किंवा अंगावर जाऊ देऊ नका, वाचायला ठेवा.

या गोंधळाला कंटाळूनच फ्रान्समध्ये गितों द मोर्व्हो, लव्हॉझिए, बर्थोले आणि फूर्क्रुआ या चौघांनी १७८७ मध्ये नावं ठेवायची नवी पद्धत छापली, नावावरूनच घटक कळले पाहिजेत म्हणून. लव्हॉझिएची तक्रार अगदी रास्त होती, खनिजांत ना तेल असतं, ना लोणी, ना फुलं, आणि बटर ऑफ अँटिमनी असं गोजिरं नाव दिलेली वस्तू जालीम विष असते. मग १९२० च्या वहीत जुनी नावं का, असं तुम्ही विचारलंय. कारण पद्धत बदलली ती पुस्तकांत आणि प्रयोगशाळेत. दुकानदार, रंगारी, कंपाउंडर, सोनार यांची जीभ काही बदलली नाही. आपणही दुकानात जाऊन पोटॅशियम ॲल्युमिनियम सल्फेट मागत नाही, तुरटीच मागतो. त्यामुळे तुमच्या आजोबांनी हे शब्द पुस्तकातून उतरवले की माणसांकडून ऐकून लिहिले, हे स्पेलिंगवरून थोडंफार कळेल. ऐकून लिहिलेल्या वहीत स्पेलिंग प्रत्येक पानावर वेगळं असतं.

मापांबद्दल एक, कारण तुम्ही पाठवलेल्या ओळीत मला शंका येतेय. 'कॉपरस ३ ४' असं तुम्ही वाचलंय. तो पहिला ३ आकडा नसावा. ड्रामची खूण हाताने लिहिली की आपल्या ३ सारखी किंवा शेपटीवाल्या इंग्रजी झेडसारखी दिसते, तिच्यावर आणखी एक आडवी रेघ असेल तर औंस. म्हणजे ते 'कॉपरस ४ ड्राम' असणार. ६० ग्रेनचा एक ड्राम, साधारण ३.९ ग्रॅम. आणि ब्रिटिश काळातला तोळा १८० ग्रेनचा, म्हणजे बरोबर ३ ड्राम, त्यामुळे अशा वह्यांत तोळे आणि ड्राम मिसळलेले असतात ते घाबरण्यासारखं नाही. औंस मात्र दोन आहेत, औषधवाल्यांचा ४८० ग्रेनचा आणि वाण्याचा साडेचारशेच्या आतला, ४३७.५ ग्रेनचा. कुठला ते परत धंद्यावरून ठरवायचं.

थोडक्यात तुमच्या यादीपुरतं: ऑइल ऑफ व्हिट्रिऑल सल्फ्युरिक ॲसिड, कॉपरस हिराकस, गॉल्स मायफळ, क्विकलाइम कळीचा चुना, साल अमोनियॅक नवसागर, हार्ट्सहॉर्न अमोनियाचं पाणी, लूनर कॉस्टिक सिल्व्हर नायट्रेट, शुगर ऑफ लेड लेड ॲसिटेट. करून बघायची असेल तर शाई करा, बाकी राहू द्या.

राहिला तुमचा शेवटचा शब्द, 'किल्ड स्पिरिट्स', ज्यावरून घरात कोणीतरी भुताखेताचं काही आहे का म्हणून धास्तावलं असं लिहिलंय. त्यांना निर्धास्त करा. स्पिरिट म्हणजे इथे उडणारा, वाफ होणारा अर्क. स्पिरिट ऑफ सॉल्ट म्हणजे मिठाचा अर्क, तेच म्युरिएटिक ॲसिड. त्यात जस्ताचे तुकडे टाकत राहायचं, बुडबुडे येतात, जस्त विरघळत जातं, आणि शेवटी कितीही जस्त टाकलं तरी बुडबुडा उठत नाही, तेव्हा ॲसिड 'मेलं'. ते झिंक क्लोराइडचं पाणी झाळकामात सांध्यावर लावलं की धातू स्वच्छ होतो आणि झाळ नीट पसरते. ते बुडबुडे हायड्रोजनचे असतात आणि तो पेट घेतो, तेव्हा हेही नुसतं वाचायचं. त्या पानाचा आणि त्याच्या मागच्या-पुढच्या पानांचा फोटो टाका. तिथे कथील, पत्रा, कंदील असे शब्द असतील तर आजोबांनी काही काळ टिनकाम केलेलं असणार, आणि मग वहीतले बरेच अडलेले शब्द त्या बाजूने वाचावे लागतील.